मनगटावरची ‘ती’ नस तुमच्या हातावर दिसत नाही? प्रत्येकाच्या हाताची जोडणी वेगळी का असते?

एक सोपी गोष्ट करून बघा. हात टेबलावर ठेवा, तळवा वर करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आतल्या बाजूला वाकवा.

मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक ‘नस’ वर आली? की काहीच दिसलं नाही?

ही चाचणी तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिली असेल. “ही नस असेल तर तुमच्यात अजून माकड शिल्लक आहे, नसेल तर तुमची उत्क्रांती पुढे गेली” असं त्यात छातीठोकपणे सांगितलेलं असतं. खाली कमेंटमध्ये अर्धे लोक स्वतःला माकड म्हणवून घेतात, तर अर्धे घाबरून विचारतात, “माझ्या हातात नाहीये, डॉक्टरकडे जाऊ का?”

घाबरण्याचं कारण नाही, पण हा विषय फक्त टाइमपासचाही नाही. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंची रचना माणसागणिक बदलते. कधी तर एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या हातातही ती वेगळी असते. एरवी या फरकाने काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो हाताला कात्री, विळी किंवा काच लागल्यावर. नाशिकसारख्या जिल्ह्यात, जिथे द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी आणि येवल्याची पैठणी अशी कितीतरी कामं बोटांच्या जोरावर चालतात, तिथे हे माहीत असणं जास्तच गरजेचं आहे.

आधी हे समजून घेऊ: बोटं वाकतात कशी?

बोटं वाकवणारा मुख्य जोर बोटांत नसतोच. बोटांमध्ये हाडं, सांधे, कातडी, रक्तवाहिन्या असं सगळं असतं, पण बोट वाकवणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. डाव्या हाताने उजव्या हाताचा हा भाग पकडा आणि उजव्या हाताची मूठ वळून बघा. कातडीखाली जी हालचाल जाणवते, ती या स्नायूंची.

या स्नायूंपासून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुलीसारखाच हा प्रकार आहे. दोरी वर ओढली की खाली बाहुलीचा हात हलतो, तसा स्नायू आकसला की कंडरा ओढली जाते आणि बोट वाकतं.

अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवण्यासाठी सहसा अशा दोन कंडरा असतात. एक वरच्या थरातली. ती बोटाच्या मधल्या पेरापर्यंत जाते आणि मधला सांधा वाकवते. दुसरी खोल थरातली. ती पार टोकाच्या पेरापर्यंत जाते आणि शेंड्याचा सांधा वाकवते. गंमत म्हणजे वरची कंडरा बोटात शिरल्यावर दुभंगते आणि खोल कंडरा त्या फटीतून पुढे निघते. अंगठ्याला मात्र अशी एकच लांब कंडरा असते.

चार बोटांच्या आठ आणि अंगठ्याची एक, अशा नऊ कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरतात. त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची चेतातंतूची दोरीही जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्श कळतो तो तिच्यामुळे.

‘नस’ म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना सर्रास ‘नस’ म्हणतो. हाताच्या पाठीवर निळी दिसते ती रक्तवाहिनी. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा तो चेतातंतू असतो, म्हणजे मेंदूचा निरोप नेणारी तार. आणि मनगटावर दोरीसारखी उठून दिसते ती कंडरा.

बोलताना याने फरक पडत नाही. पण हात कापल्यावर ‘नस कापली’ एवढंच सांगितलं, तर नेमकं काय तुटलंय हे त्यातून कळत नाही. रक्तवाहिनी कापली तर रक्त वाहतं. चेतातंतू कापला तर बोट बधिर होतं. कंडरा कापली तर बोट वाकत नाही. तिघींवरचे उपचार वेगळे आहेत.

फरक पहिला: मनगटावरची ती दोरी

रीलमधली ती दोरी ‘पाल्मारिस लाँगस’ नावाच्या स्नायूची कंडरा आहे. हा बारीकसा स्नायू कोपराजवळ सुरू होतो आणि त्याची लांब कंडरा तळहाताच्या कातडीखालच्या जाड पडद्याला जाऊन मिळते. तो थेट कुठलंही बोट वाकवत नाही. मनगट वाकवायला थोडी मदत करतो आणि तळव्याचा पडदा ताणून धरतो.

वैद्यकीय पुस्तकांत सहसा लिहिलेलं असतं की साधारण १५ टक्के लोकांत हा स्नायू नसतो. पण हा आकडा सगळीकडे सारखा नाही. ५०० भारतीयांची तपासणी करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७.२ टक्के लोकांच्या एका किंवा दोन्ही हातांत तो आढळला नाही. सिंगापूरमध्ये चिनी वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ४.६ टक्के होतं, तर तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात ते ६० टक्क्यांच्याही वर गेलं. यातला काही फरक वंशागणिक असतो, काही चाचणीच्या पद्धतीमुळे पडतो.

मग स्नायू नसेल तर पकड कमी होते का? तसं दिसत नाही. मुठीची आणि चिमटीची ताकद मोजून झालेल्या अभ्यासांत हा स्नायू असणारे आणि नसणारे यांच्यात लक्षात घेण्यासारखा फरक सापडलेला नाही.

आणि माकडाचं काय? झाडांवर लटकणाऱ्या ओरांगउटानमध्ये हा स्नायू चांगला वाढलेला असतो हे खरं. पण गोरिलांमध्येही तो अनेकदा नसतो. त्यामुळे ‘नस नाही म्हणजे उत्क्रांती पुढे’ हा रीलचा हिशोब जुळत नाही.

फरक दुसरा: एकटी न वाकणारी करंगळी

आता दुसरी चाचणी. यासाठी कुणाची तरी मदत घ्या. तळवा वर करून हात सैल ठेवा. मित्राला तुमची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ताठ धरून ठेवायला सांगा. आता फक्त करंगळी मधल्या सांध्यातून वाकवा.

वाकली? छान. नाही वाकली? तर मित्राला अनामिका सोडायला सांगा आणि पुन्हा प्रयत्न करा. काहींची करंगळी आता अनामिकेला सोबत घेऊन वाकेल. काहींची तरीही नीट वाकणार नाही.

इतर तीन बोटं ताठ धरण्यामागे कारण आहे. खोल थरातल्या कंडरा, त्यातही मधल्या बोटापासून करंगळीपर्यंतच्या, बहुतेक लोकांत एकाच सामाईक स्नायूतून निघतात. जणू एकाच जुवाला जुंपलेले बैल. एकाला मागे धरून ठेवलं की दुसऱ्यालाही पुढे जाता येत नाही. बाकीची बोटं ताठ धरली की खोल कंडरेचं काम थांबतं आणि मधला सांधा वाकवायचा तो एकट्या वरच्या कंडरेने.

पण करंगळीची ही वरची कंडरा मोठी लहरी आहे. काहींत ती बारीक असते, काहींत अनामिकेच्या कंडरेला जोडलेली असते आणि काहींत नसतेच. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे वेगळे आहेत, पण काहींत एक तृतीयांश हातांपर्यंत करंगळी या चाचणीत ‘नापास’ झालेली आहे. अशा लोकांची करंगळी रोजच्या कामात मात्र व्यवस्थित वाकते, कारण खोल कंडरा तिचं काम सांभाळून घेते.

फरक तिसरा: अंगठ्यामागे धावणारी तर्जनी

तळहात उघडा ठेवा आणि फक्त अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळाकडे वाकवा. तर्जनीचं टोक आपोआप वाकलं का?

वाकलं असेल, तर तुमच्या अंगठ्याची कंडरा आणि तर्जनीची खोल कंडरा यांच्यामध्ये मनगटाजवळ एक जादा धागा असण्याची शक्यता आहे. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक या दोन डॉक्टरांनी १९७९ मध्ये याची सविस्तर नोंद केली, म्हणून ही जोडणी त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी तपासलेल्या लोकांपैकी ३१ टक्क्यांच्या किमान एका हातात ती आढळली होती.

बहुतेकांना आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही. पण अंगठा आणि तर्जनी स्वतंत्रपणे, वेगाने आणि तासन्‌तास चालवावी लागते अशा कामांत, उदाहरणार्थ वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये, मनगटाजवळ दुखण्याच्या नोंदी आहेत. विश्रांतीने आराम पडला नाही, तर छोट्या शस्त्रक्रियेने हा जादा धागा सोडवता येतो. दुखत नसेल तर काहीच करायची गरज नाही.

असे आणखीही फरक आहेत. अंगठ्याच्या स्नायूला कोपराजवळ जोडलेला एक जादा छोटा स्नायू कित्येकांत असतो. गँट्झर यांनी १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. काहींमध्ये बोटांच्या स्नायूचा मांसल भाग नेहमीपेक्षा खाली, पार मनगटाच्या बोगद्यापर्यंत उतरतो. नऊ कंडरांनी आधीच भरलेल्या बोगद्यात आणखी गर्दी झाली की चेतातंतू दबू शकतो आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. या त्रासाची इतरही बरीच कारणं असतात. त्यामुळे मुंग्या येत राहिल्या तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणं बरं.

मग नाशिकच्या बागेत याचा संबंध काय?

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. हंगामात पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. एका हातात काडी, दुसऱ्या हातात धारदार कात्री आणि दिवसभर तीच हालचाल.

समजा, अशाच एका बागेत कात्री निसटली आणि डाव्या करंगळीच्या मुळाशी तळहाताला खोल जखम झाली. मजूर दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी करंगळीचा शेंडा वाकवायला सांगितला, तो वाकला. म्हणजे खोल कंडरा शाबूत. मग बाकीची बोटं ताठ धरून करंगळी वाकवायला सांगितली. ती वाकली नाही.

आता प्रश्न असा: वरची कंडरा कात्रीने तुटली, की ती जन्मापासूनच नव्हती?

उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान आहे. कंडरा तुटली असताना ‘जन्मजात असेल’ म्हणून फक्त कातडीला टाके घातले, तर दुखापत आतच राहून जाते. आणि कंडरा मुळातच नसताना ती तुटली असं मानलं, तर ती शोधण्यासाठी जखम गरजेपेक्षा जास्त उघडली जाऊ शकते.

म्हणूनच डॉक्टर अशा वेळी दुसरा हातही तपासतात. उजवी करंगळीही तशीच ‘नापास’ झाली, तर जन्मजात फरकाची शक्यता वाढते. पण दोन्ही हात सारखेच असतील याची खात्री नसते. त्यामुळे जखमेची जागा आणि खोली, बोटाला स्पर्श कळतो का, हे सगळं जुळवून पाहावं लागतं आणि शंका राहिली तर जखम नीट उघडून आत बघावं लागतं. अशा वेळी रुग्णाला “माझी ही करंगळी आधीपासून एकटी वाकत नव्हती” हे ठामपणे सांगता आलं, तर डॉक्टरांच्या हाती एक महत्त्वाचा धागा लागतो.

“बोट वाकतंय, म्हणजे काही झालं नाही”

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. प्रत्येक बोटाला दोन कंडरा असल्यामुळे वरची तुटली तरी खोल कंडरेच्या जोरावर बोट वाकत राहतं. कंडरा अर्धवट कापली असेल तरीही बोट वाकतं. मग पट्टी बांधून माणूस पुन्हा कामाला लागतो आणि काही दिवसांनी जोर लावताना उरलेले धागे तुटतात.

पूर्ण तुटलेली कंडरा ताणलेल्या रबरासारखी मागे सरकते, कधी तळहातात तर कधी मनगटाच्याही वर. पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर दोन्ही टोकं जोडणं सोपं जातं. उशीर झाला की कंडरेची वाट आक्रसते, आसपास चिकटून बसते आणि मग दुसरीकडची कंडरा आणून बसवण्याची वेळ येऊ शकते.

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग यात सर्वांत अवघड. तिथे दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. एकेकाळी या भागातल्या शस्त्रक्रियेचे निकाल इतके वाईट असत, की अमेरिकी शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी त्याला युद्धभूमीवरच्या ‘निर्मनुष्य पट्ट्या’ची उपमा दिली होती. आता निकाल बरेच सुधारले आहेत. तरी जोडलेली कंडरा जपण्यासाठी काही आठवडे हाताला आधार लावून ठरलेले व्यायाम करावे लागतात आणि जड काम साधारण तीन महिन्यांनीच सुरू करता येतं. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी तीन महिने म्हणजे अख्खा छाटणीचा हंगाम.

नसली तरी चालते, म्हणून कामाची

आता पुन्हा त्या मनगटावरच्या दोरीकडे येऊ. ती काढली तरी पकडीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच दुसरीकडची कंडरा किंवा अस्थिबंध तुटला की शल्यचिकित्सक अनेकदा हीच दोरी काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या कोपरात त्याच्याच मनगटाची ही कंडरा बसवली. तो पुन्हा मैदानात उतरला आणि ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली.

पण यातही एक धोका आहे. या कंडरेच्या अगदी खालीच मनगटाच्या बोगद्यात जाणारा तो चेतातंतू असतो. कंडरा मुळात नसलेल्या हातात, कंडरा समजून चुकून चेतातंतूच काढला गेल्याच्या मोजक्या घटना जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. ‘नस’ या एका शब्दात आपण जी गल्लत करतो, तीच इथे ऑपरेशन टेबलावर झाली. म्हणून शस्त्रक्रियेआधी, भूल देण्यापूर्वी, अंगठा आणि करंगळी टेकवण्याची तीच साधी चाचणी करून कंडरा आहे याची खात्री केली जाते. दोन्ही हातांत ती नसेल तर पायातली कंडरा वापरता येते.

हे सगळं कळलं कसं?

मृतदेहांच्या विच्छेदनातून. राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. शहराला लागून आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शरीररचना शिकतात ती देहदानातून मिळालेल्या किंवा बेवारस मृतदेहांवर. राज्यात १९४९ च्या कायद्याने त्याची सोय झालेली आहे.

पुस्तकातल्या चित्रात हात एकच असतो. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र एका हातात दोरी दिसते, शेजारच्या टेबलावरच्या हातात नसते. सगळ्यांचे हात आतून एकसारखे नसतात, हा धडा भावी डॉक्टर तिथे गिरवतात. कुणीतरी केलेलं देहदान पुढे कुणाची तरी करंगळी वाचवतं, ते असं.

हात कापला तर काय करायचं?

• स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात हृदयापेक्षा वर ठेवा.

• जखमेत हळद, चुना, तंबाखू किंवा माती भरू नका. आत काय तुटलंय हे पाहणं त्यामुळे अवघड होतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

• अंगठी लगेच काढा. सूज आली की ती निघत नाही.

• हात सैल सोडून बोटं कशी दिसतात ते पाहा. सैल हातात तर्जनीपासून करंगळीकडे बोटं क्रमाने जास्त वाकलेली असतात. एखादंच बोट वेगळं, सरळ पडलेलं दिसलं तर कंडरा तुटल्याची शंका घ्या.

• शेंडा वाकत नसेल, बोट बधिर असेल किंवा वाकवताना दुखत असेल, तर जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. जोर लावून स्वतः चाचण्या करत बसू नका, अर्धवट कापलेली कंडरा त्याने पूर्ण तुटू शकते.

• धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

एक फरक कायम लक्षात ठेवा. करंगळी आधीपासून एकटी वाकत नसेल किंवा मनगटावर दोरी कधीच दिसली नसेल, तर ती तुमच्या हाताची ठेवण आहे. काल वाकणारं बोट आज जखमेनंतर वाकत नसेल, तर ती दुखापत आहे. हे दोन्ही वेगळे ओळखायचे, तर आपला हात धडधाकट असताना कसा चालतो हे ठाऊक हवं.

हाताची पाचही बोटं सारखी नसतात, असं आपण म्हणतो. दोन माणसांचे हातही आतून सारखे नसतात. तेव्हा पुढच्या वेळी ते रील समोर आलं की माकड कोण यावर वाद घालण्याऐवजी दोन्ही हातांवर वरच्या तिन्ही चाचण्या करा आणि जे दिसेल ते लक्षात ठेवा. घरात कुणी बागेत, शेतात किंवा मशीनवर काम करत असेल, तर त्यांच्याही हातांवर करून बघा.